मंजूच्या नावाचं युकुलेले

आमच्या अमळनेराकडून सुरतेला जाणारी माणसं दोन तऱ्हेची. एक कामाला जाणारी आणि दुसरी कामाला गेलेल्यांना भेटायला जाणारी. मौजेखातर सुरतेला गेलेलं माणूस आमच्या गल्लीत तरी मी पाहिलेलं नाही. मी गेले ती जानेवारीत, संक्रांत नुकतीच झाली होती. धाकट्या भावाला भेटायचं होतं आणि त्याच्यासाठी एक वाद्य घ्यायचं होतं.

माझा भाऊ भटू लग्नाच्या बॅण्डमध्ये मँडोलिन वाजवायचा. नवरदेवाचा घोडा पुढे निघून गेला तरी लोक भटूभोवती उभे राहायचे आणि वरात मागे रेंगाळायची. पण लग्नसराई चार महिन्यांची आणि पोट बारा महिन्यांचं. म्हणून तो सुरतेला लूमवर गेला. मागच्या पावसाळ्यात लूमच्या दातेरी चाकात त्याचा डावा हात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. त्यानंतर तो गावी आलाच नाही. मँडोलिन विकून टाकलं, एवढंच पत्रातून कळलं.

मी गावच्या वाचनालयात काम करते. तिथे रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त संगीत मास्तर आहेत. त्यांच्याजवळ एकदा मी भटूचा विषय काढला. ते म्हणाले, "मँडोलिनच्या आठ तारा, त्याही पोलादी. त्यापेक्षा युकुलेले बघा. चार तारा, नायलॉनच्या. दोन बोटांत पुष्कळ काम होतं." आणि सुरतेला नानपुऱ्यात एक पारशी बाई ही वाद्यं स्वतःच्या हातांनी बनवतात, हेही त्यांनीच सांगितलं. मला एकदम हलकं वाटलं. आपण भावासाठी काहीतरी करतो आहोत असं वाटलं की माणूस बाकीचा विचार करत नाही.

पर्वत पाटिया

तापीच्या रेल्वेने जाताना नवापूरपर्यंत डब्यात अहिराणी असते, व्याऱ्यापासून गुजराती चढते. मी मात्र एक घोटाळा केला. सुरतेच्या अलीकडच्या उधन्याला सगळा खानदेश खाली उतरला, त्या लोंढ्यात मीही उतरले आणि गाडी माझ्यादेखत सुरतेकडे निघून गेली. भटू सुरतेच्या फलाटावर वाट बघत राहिला. मग तोच कुणाला तरी विचारत उधन्याला आला.

"ताई, तू उतरनी व्हशी आठेच, माले वाटनंच!" मागून आवाज आला.

मी वळले. तो हसत होता. त्याने माझी पिशवी उजव्या हाताने घेतली, आणि मी त्याच्या डाव्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवून त्याच्या चपलांकडे बघत राहिले.

सुरत शहराबद्दल आमच्याकडे अजून प्लेगच्याच गोष्टी चालतात. पण प्लेगनंतर त्या लोकांनी शहर असं धुऊन काढलंय की आमच्या नगरपालिकेने येऊन बघावं. रस्ते झाडलेले, कचरा उचललेला. विजेच्या तारांवर मात्र संक्रांतीचा मांजा आणि फाटके पतंग अजून लोंबत होते. भटू राहतो त्या पर्वत पाटियाला कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो एकमेकांना चिकटून चालतात आणि त्यातून माणूस आडवा होऊन वाट काढतो.

भटूची खोली एका लांब गल्लीत. एका बाजूला आमच्याकडची माणसं, दुसऱ्या बाजूला वाशीम-परभणीकडची. त्याची बायको संगीता हिने कळण्याची भाकरी आणि शेवभाजी केली होती. वरण मात्र गोड लागलं. मी घास थांबवला तशी ती म्हणाली, "गूळ टाकते ताई मी आता. इथल्या शेजारणींकडून सवय लागली." भटू आता लूमवर नाही, जवळच्याच एका कापडाच्या गोदामात तागे मोजून रचतो.

जेवताना मी युकुलेल्याचं सांगितलं.

"काय? उकळेल?" भटू म्हणाला. "उकळेल चहा ऱ्हास, ताई."

संगीता इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. पण भटूने विचारलं, "चार तारा शेत म्हंतस?" आणि नंतर कितीतरी वेळ तो भाकरीचा एकच तुकडा वरणात फिरवत बसला होता.

नानपुरा

दुसऱ्या दिवशी त्याने गोदामातून सुटी घेतली. नानपुऱ्यात पारशांच्या घरांपुढे रोज सकाळी चॉकपूड भरलेल्या भोकांच्या डब्याने रांगोळीचे छाप काढतात. मासे, फुलं, नुसत्या नक्ष्या. आमच्याकडे रांगोळी बोटांच्या चिमटीतून सुटते, इथे ती डब्याच्या भोकांतून पडते. म्हणून प्रत्येक छाप सारखा येतो, पण पायाखाली पुसला गेला तरी कुणी हळहळत नाही.

फ्रेनीबाईंचं काम घराच्या पुढच्याच खोलीत चालतं. पंचावन्नच्या आसपासची बाई, फ्रॉकवर जाड कापडाचा एप्रन, चष्मा केसांत खोचलेला. खोलीला लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. आणि भिंतीवर ती वाद्यं टांगलेली. मी युकुलेले म्हणजे एकच काहीतरी असेल असं समजून गेले होते. इथे कितीतरी तऱ्हा होत्या. एक गिटारचं पोर शोभेल असं कमरेत बारीक. एक त्याच आकाराचं पण चांगलंच मोठं, लांब मानेचं. एक बिनकमरेचं, अननसासारखं फुगीर. एक तर चक्क अर्ध्या नारळाच्या करवंटीवर बसवलेलं. काही डांगच्या सागाची, लालसर. काही फणसाची, पिवळी. काही शिवणीची, अगदी फिकी.

"बस नी, बस," बाई म्हणाल्या. "मराठी बोल. मी मुंबईला राहिली पंधरा वरस. माझा बाप जहाजावर सुतार होता. परदेशातून एक युकुलेले घेऊन आला आणि त्याचा बघून बघून आम्ही बनवायला शिकले. हां, बोल, कोणासाठी पाहिजे?"

खरं उत्तर सोपं होतं. भाऊ माझ्या मागेच उभा होता. पण बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या आणि आता त्या त्याच्या हाताकडे बघतील, मग चुकचुकतील, कसं झालं विचारतील, असं सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझ्या तोंडून निघालं, "माझ्या मुलीसाठी."

मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, आणि त्याला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही.

"अरे वा! नाव काय?"

"मंजू."

"केवढी?"

"बारा वर्षांची."

बाईंना फार आनंद झाला. मुलगी गाते का, बोटं लांब आहेत की आखूड, डावखुरी तर नाही ना? एकेका प्रश्नाला मी एकेक उत्तर देत गेले. मंजू गाते. बोटं नाजूक आहेत. स्वभावाने लाजाळू आहे. मी इतक्या सफाईने बोलत होते की माझं मलाच नवल वाटलं. बाई एकेक वाद्य खाली काढून समजावत होत्या. फणसाच्या लाकडाचा आवाज गोड पण लवकर विझतो. सागाचा जरा कडक, पण दूर जातो. करवंटीचं नुसतं शोभेचं, ते घेऊ नकोस. अननसाचं लहान, पोटाशी नीट धरता येतं, घुमतं छान. "बारा वरसची छोकरी ना? तिला अननस," असा त्यांनी निकाल दिला.

मग त्यांनी ते अननस भटूपुढे धरलं. "मामा ना तू? ले, धर. बघ केवढा हलका आहे. जरा छेड."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. भटूचा डावा हात पँटच्या खिशात होता. त्याने एकट्या उजव्या हाताने ते वाद्य घेतलं, क्षणभर तोललं आणि परत दिलं.

"मेरे को नहीं आता, बाई," तो म्हणाला.

ज्याने शंभर वराती अडवल्या त्या माणसाने माझ्यासमोर, माझ्यासाठी, हे वाक्य उच्चारलं. मी काय केलं? मी मान हलवून दुजोरा दिला.

बाईंनी पुदिन्याचा आणि गवती चहाचा वास असलेला चहा दिला. तारा नव्या लावून ठेवते, उद्या घेऊन जा, म्हणाल्या. निघताना त्यांनी कागदात बांधून नानखटाई दिली. "मंजूला," म्हणाल्या. ती पुडी हातात घेताना माझे कान तापले होते.

तापीकाठ

तिथून आम्ही नदीकडे गेलो. थंडीत सुरतेला तापीकाठी पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपल्यासारखा नाही. आपण शेतात गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसतो, तळहातावर चोळून फुंकतो आणि तोंड काळं होईपर्यंत खातो. इथे तो हिरवागार, निवडलेला, तागडीत मोजून देतात, वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. शेतात न जाता हुरडा खायचा, ही मला आधी फसवणूक वाटली. पण चव अशी की मी बोलायची थांबले.

भटूने पोंकाचा कागद डाव्या हातात धरला होता. अंगठा आणि दोन बोटं. सगळ्यांसमोर. गाडीवाल्याने सुटे पैसेही त्याच हातावर ठेवले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "मंजू कोन शे?"

मी कागदातले साखरेचे दाणे वेचू लागले.

"तुले पोर व्हयनी अन मामाले पत्ता बी नही?" तो हसला. मीही हसायचा प्रयत्न केला. मग तो नदीकडे बघत हळूच बोलू लागला. "आठे असा हात गैरा शेत, ताई. मन्हा गल्लीमा तीन जन शेत. कोनी इचारत नही. मी याच हातवर डबा लई जास, याच हातघाई तागा रचस." जरा थांबून म्हणाला, "खिसामा हात ठेवानं मी काल शिकनू. तू उनी तवय."

म्हणजे मी आल्यावर. सहा महिने उघडा वावरलेला हात माझ्या नजरेने, खरं म्हणजे माझ्या न बघण्याने, खिशात गेला होता. उधन्याच्या फलाटावर मी त्याच्या चपला बघत राहिले होते ते त्याच्या लक्षात आलं होतं. मी त्याला जपते आहे असं समजत होते. मी जपत होते ते मला. चारचौघांत मला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढंच.

मी म्हटलं, आपण ते वाद्य घ्यायलाच नको. बाईंकडे परत जायलाच नको.

"नको कसाले?" तो म्हणाला. "माले ते मोठालं वालं दखानं शे. लांब मानवालं. तठे तू दखूच दिन्हं नही."

पुन्हा नानपुरा

दुसऱ्या दिवशी मी रस्ताभर मनात वाक्य जुळवत होते. पण दारात पाय ठेवल्याबरोबर फ्रेनीबाईंनी ते अननस हसत हसत पुढे केलं. "बघ, तुझ्या मंजूसाठी काय केलं!"

आवाजाच्या भोकाखाली त्यांनी गडद रंगात, बारीक वळणदार अक्षरांत नाव लिहिलं होतं. गुजरातीत. अक्षरांवर शिरोरेघ नव्हती, तरी मला वाचता आलं. मंजू. शेजारी एक छोटंसं फूल. रंग नुकता वाळला होता.

त्यापुढे जुळवलेलं वाक्य काही उपयोगाचं राहिलं नाही. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. मुलगी नाही. हा माझा भाऊ, वाद्य याच्यासाठी आहे. याचा हात... आणि तिथे मी अडखळलेच. भटूने हात खिशातून काढून सरळ त्यांच्या कामाच्या मेजावर ठेवला, भुशात.

बाई हाताकडे बघेनात. माझ्याकडे बघत राहिल्या.

"एटले मंजू नथीच?"

"नाही."

"लाजाळू आहे बोलली तू. गाते बोलली." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "काल संध्याकाळी मी लिहायला बसली तेव्हा किती विचार केला त्या छोकरीचा. केवढी असेल, वेण्या घालत असेल, असा. आणि तू... शरम नाही आली?"

"आली," मी म्हणाले.

त्यांनी ते अननस माझ्या हातातून काढून घेतलं आणि परत भिंतीवर खिळ्याला टांगलं. "हा तुला नाही देणार. कोणी खरी मंजू येईल तिचा आहे आता." मग चष्मा डोळ्यांवर ओढून त्या भटूकडे वळल्या. शिंपी मापाला घेतो तसा त्यांनी त्याचा हात घेतला, उलटा केला, तुटलेल्या जागा अंगठ्याने दाबून बघितल्या. "आ दुखे छे?" "नाही." "अने आ?" "थंडीमा दुखस." त्यांना अहिराणी कळली. मी सहा महिन्यांत त्याला हे विचारलं नव्हतं.

"तुला लहान पाहिजे," त्या म्हणाल्या. "मानेवरचे पडदे जवळ जवळ. दोन बोटांत पोचेल."

भटूने मानेनेच नाही म्हटलं आणि भिंतीवरच्या लांब मानेच्या सागाच्या युकुलेल्याकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, चुकतो आहेस. त्याने आधी लहान घेऊन दाखवलं. पडदे इतके जवळ की त्याचं जाड बोट दोन पडद्यांवर बसत होतं आणि तुटलेल्या बोटाचा खुंट शेजारच्या तारेला लागून आवाज मरत होता. मग मोठं घेतलं. जागा होती. बोटाला पडद्यावरून पुढच्या पडद्यावर सरकत जावं लागत होतं, पण सरकायला वाट होती.

वरची तार छेडून तो थबकला. "ही तार उलटी शे का? जाड पाहिजे ना आठे?"

"असाच असतो युकुलेले," बाई म्हणाल्या. "वरचा सूर उंच."

"माले जाड लाई द्या. माले सूर वाजाडना शे, एकएक."

त्यावर दोघांचं चांगलंच वाजलं. बाई म्हणत, मग ते युकुलेलेच राहणार नाही. भटू म्हणे, नाही राहिलं तर नाही राहिलं. शेवटी त्यांनी कुरकुरत खुंटी सोडली आणि जाड तार चढवली. वाजवून बघताना त्याला सलग असं काही जमलं नाही. चार सूर नीट, पाचवा घसरलेला. पण आम्ही दोघी तिथे आहोत हे तो विसरला होता. पैसे देताना मी घासाघीस केली नाही. बाईंनीही माझ्याकडे फारसं पाहिलं नाही, भटूला मात्र म्हणाल्या, "तार तुटेल तर ये. तू एकटा ये."

गल्लीत

दुसऱ्या सकाळची माझी गाडी होती. संध्याकाळी गल्लीत दिवसपाळीची माणसं परतत होती, रात्रपाळीची डबे भरत होती. भटू उंबऱ्यावर बसला, युकुलेले पोटाशी धरलं. आवाज ऐकून माणसं जमली. वाशीमकडची एक शेजारीण लसूण सोलता सोलता येऊन उभी राहिली, तिचा नवरा, आणखी चौघेपाच. त्यातल्या एकाच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. मी ते पाहिलं आणि या वेळी लगेच नजर काढली नाही, एवढं मी सांगू शकते.

भटू वाजवू लागला. चुकला. परत पहिल्यापासून धरलं. परत त्याच जागी बोट पोचायला उशीर झाला आणि सूर खरखरला. मी जमलेल्या चेहऱ्यांकडे बघत होते. कुणी जांभई देतंय का, कुणाला कीव येतेय का. कुणीतरी पायावर भार बदलला, तेवढ्यावर माझा जीव गेला.

"नवीन आहे हो अजून," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हात बसायचाय."

शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं मी काय बोलले. वाजवणं थांबलं. लसूण सोलणारी बाई खाली बघू लागली. तिथे कुणीच माझ्याकडे स्पष्टीकरण मागितलं नव्हतं. भटूच्या वतीने माफी मागायची सवय मी अमळनेराहून सोबत आणली होती, आणि दोन दिवसांनी, इतकं ऐकून घेतल्यावरही, ती जशीच्या तशी होती.

"ताई," भटू शांतपणे म्हणाला, "मझार जाय. चहा ठेव सगळासले."

मी आत गेले. संगीताने स्टोव्ह माझ्याकडे सरकवला. दाराला जुन्या साडीचा पडदा होता, त्यातून बाहेरचं काही दिसत नव्हतं. भटूने पुन्हा सुरू केलं. चुकला, थांबला नाही, पुढे गेला. आणि साखरेचा डबा हातात धरून उभी असताना मला एकाएकी ओळखू आलं, की ही तर वरात दारात आल्यावर तो वाजवायचा ती चाल आहे. संथ केलेली, मधले सूर गाळलेली, पण तीच. बाहेर त्याच्यासमोर बसून इतका वेळ मला ती ऐकू आली नव्हती. बाहेर मी फक्त हात बघत होते.

आत मला हात दिसत नव्हता.

चहा कधीच झाला होता. संगीता कपबशा मांडून माझी वाट बघत होती. पडदा सारून बाहेर जायचं माझ्याने होईना. शेवटी तिनेच भांडं उचललं आणि ती चहा घेऊन गेली.